ऐपतीचा दाखला

मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची आख्यायिका महाराष्ट्रांतील मुलांना लहानपणींच ऐकावयास मिळते. दुष्काळांत पंतांनीं बादशहाचीं धान्याचीं कोठारें लोकांस खुलीं केलीं. बेदरच्या दरबारांतून त्यांना धरून आणण्याचा हुकूम सुटला. आणि पंत वाटेंत असतांनाच पंढरीचा राणा विठू महाराच्या वेषानें दरबारांत गेला व धान्याची सारी किंमत चुकती करून आला. भाविकांचे डोळे येथें पाण्यानें भरून येतात. परंतु या कथेंत एक बारीकशी गोष्ट आहे, ती व्यवहारी माणसानेंहि ध्यानांत ठेवावी अशी आहे. पैसे मोजून विठू तसाच परतला नाहीं. त्यानें पावती मागून घेतली आणि ती पंतांच्या पोथींत नेऊन ठेविली. ज्या मुलखानें ही कथा पिढ्यानुपिढ्या जपली, त्या मुलखाला एवढें पक्कें ठाऊक होतें, कीं दरबारांत देवाच्या शब्दालाहि कागदाची जोड लागते.

या कथेची आठवण आम्हांस नुकतीच एका अगदीं घरगुती प्रसंगानें झाली. आमच्या सोलापूरच्या घरीं सकाळीं पोळ्या करावयास एक बाई येतात. दुपारीं त्या विड्या वळतात. त्यांचे यजमान यंत्रमागावर रात्रपाळी करतात. दोघांच्या कष्टांतून उरलेल्या पैशांत थोडें कर्ज घालून दोन खोल्यांचें घर घ्यावें, असा त्यांचा बेत होता. कर्ज देणाऱ्या कचेरीनें त्यांना एकच प्रश्न विचारला : उत्पन्नाचा पुरावा काय? तेव्हां एके दिवशीं त्या आम्हांस म्हणाल्या, “काका, तुम्ही मला महिन्याला काय देता, तेवढं एका कागदावर लिहून द्या.” आम्हीं मोठ्या हौसेनें चिठ्ठी लिहून दिली. चौथ्या दिवशीं ती चिठ्ठी होती त्याच घडीनें परत आली. खाजगी माणसाच्या हातचा कागद कचेरीच्या उपयोगाचा नव्हता, आणि पैसे रोख दिले जात असल्यामुळें त्यांची नोंद दुसऱ्या कोठेंहि नव्हती. बाईंनीं चिठ्ठी आमच्या मेजावर ठेविली आणि त्या कणीक भिजवावयास गेल्या.

त्या चिठ्ठीनें आम्हांस बरेच दिवस स्वस्थ बसूं दिलें नाहीं. आमच्यासारख्या पगारदाराला कर्ज हवें असलें, कीं तो कांहीं महिन्यांचीं पगारपत्रकें, आयकराचें विवरणपत्र आणि बँकेच्या खात्याचा उतारा एका पाकिटांत घालतो व कचेरींत नेऊन देतो. हे कागद आपल्याला आपोआप मिळतात, म्हणून ते हवापाण्याप्रमाणें सर्वांनाच मिळत असतील असें आपण धरून चालतों. परंतु ज्या शहरांत आम्ही राहतों त्या शहराचा व जिल्ह्याचा इतिहास चाळला म्हणजे दिसतें, कीं माणसाची कमाई कागदावर येणें ही फार झगड्यानंतर घडलेली गोष्ट आहे. आणि ती कागदावर उतरतांना लेखणी कोणाच्या हातीं होती, यावर त्या माणसाचें बरेंवाईट ठरत आलें आहे. ती हकीकत येथें थोडक्यांत सांगण्याचा आमचा विचार आहे.

जुन्या काळीं सावकार कुळाला त्याचें उत्पन्न विचारीत नसे, कारण तें त्याला आधींच ठाऊक असे. तो त्याच गांवांत राही. कोणाच्या खळ्यावर किती रास पडली, कोणाचा बैल मेला, कोणाच्या मुलीचें लग्न ठरलें, हें सारें त्याला घरबसल्या कळे. शिवाय गहाणाचे जे प्रकार रूढ होते, त्यांत उत्पन्नाचा प्रश्न निराळ्याच रीतीनें सुटत असे. कब्जेगहाणांत शेत सावकाराच्या ताब्यांत जाई आणि व्याजाऐवजीं तो पीकच घेई; ज्याच्या घरांत कुळाचें उत्पन्न येऊन पडतें त्याला त्याचा पुरावा कशाला पाहिजे? नजरगहाणाची गोष्ट वेगळी. तेथें शेत कुळाकडेच राहतें, सावकाराची त्यावर नुसती नजर असते. असें कर्ज फिटणार तें कुळाच्या पुढच्या कमाईंतून; म्हणून तेथें सावकाराला ऐपतीचा अंदाज घ्यावा लागे. आज आपण ज्याला गृहकर्ज म्हणतों तें जातीनें नजरगहाणच आहे. घरांत आपण राहतों, घराचे कागद बँकेच्या तिजोरींत राहतात, आणि बँकेची नजर घराइतकीच आपल्या पगारावर असते.

इंग्रजी अंमलांत या जुन्या ओळखीची घडी मोडली. १८३६ च्या सुमारास शेजारच्या इंदापूर तालुक्यांत गोल्डस्मिड व विंगेट या अधिकाऱ्यांनीं जी पाहणी व आकारणी सुरू केली, ती लवकरच सोलापुराकडेहि आली. प्रत्येक शेताला क्रमांक मिळाला, प्रत्येक क्रमांकाला खातेदार मिळाला, आणि रोख सारा ठरला. सरकारच्या दृष्टीनें शेतकऱ्याची ऐपत प्रथमच कागदावर आली. परंतु हा कागद चांगल्या-वाईट सालांच्या सरासरीचा होता, आणि सोलापूरचा पाऊस सरासरी मानीत नाहीं. या जिल्ह्याचें जीवन रब्बीच्या ज्वारीवर चालतें, आणि ती ज्वारी परतीच्या पावसावर. पाऊस एका वर्षीं पुष्कळ पडतो, पुढचीं दोन वर्षें हुलकावणी देतो. सारा मात्र दरवर्षीं रोख भरावा लागे. तो भरण्यासाठीं शेतकरी सावकाराकडे गेला. आणि आतां त्याच्याजवळ विकतां व गहाण टाकतां येण्याजोगी, सरकारी कागदांत त्याच्या नांवानें चढलेली जमीन होती.

पुढें १८५९ चा मुदतीचा कायदा आला. साध्या कर्जरोख्यावरची फिर्याद तीन वर्षांच्या आंत केली पाहिजे, असा त्याचा नियम. कायदा करणाऱ्यांचा हेतु जुने दावे उकरून काढले जाऊं नयेत असा होता. फळ उलटें आलें. दर तीन वर्षांनीं सावकार नवें खत लिहून घेऊं लागला, आणि प्रत्येक नव्या खतांत मागचें व्याज मुद्दल होऊन बसूं लागलें. खत लिहिणारा सावकार किंवा त्याचा कारकून, वाचणारा तोच, वहींत जमा-खर्च करणारा तोच. कुळानें फक्त नांगराची निशाणी करावयाची. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें १८६१ ते १८६५ या वर्षांत कापसाला सोन्याचा भाव आला, तेव्हां पत वाढली व कर्जेंहि वाढलीं. युद्ध संपलें, भाव कोसळले, आणि वहींतले आकडे मात्र होते तेथेंच राहिले.

१२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें बाजारच्या दिवशीं शेतकऱ्यांचा उठाव झाला आणि तो पुणें व नगर जिल्ह्यांत पसरला. त्या दंग्याचें एक लक्षण चौकशी करणाऱ्यांच्या नजरेंत विशेष भरलें. लोक सावकाराच्या घरांत शिरत तें मुख्यतः खतें, रोखे व हुकूमनामे हस्तगत करण्यासाठीं. ते मिळाले कीं त्यांची होळी होई, आणि जेथें ते मुकाट्यानें दिले जात तेथें सावकाराच्या अंगाला सहसा हात लागत नसे. निरक्षर शेतकऱ्याला आपला शत्रु कोण हें नीट समजलें होतें. आपल्याविषयींचा जो कागद आपल्याला वाचतां येत नाहीं आणि जो आपण लिहिलेला नाहीं, तो त्याला जाळावयाचा होता. यानंतर वर्ष-दीड वर्षांतच १८७६-७७ चा भयंकर दुष्काळ आला आणि त्यांत सोलापूर जिल्हा होरपळून निघाला.

दंग्यांची चौकशी आणि हा दुष्काळ यांतून १८७९ चा दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा जन्माला आला. पुणें, सातारा, अहमदनगर आणि सोलापूर या चार जिल्ह्यांना तो प्रथम लागू झाला. आमच्या विषयाच्या दृष्टीनें या कायद्याइतका मनोरंजक कायदा दुसरा क्वचितच असेल. न्यायाधीशानें खतावरच्या आकड्यावर विसंबूं नये, व्यवहाराच्या आरंभापर्यंत मागें जाऊन मुद्दल किती व व्याज किती याचा निराळा हिशेब करावा, व्याजावर व्याज धरूं नये, आणि दामदुपटीची जुनी मर्यादा पाळावी, असें त्यानें सांगितलें. शेतकऱ्याचे कर्जरोखे गांवच्या निबंधकासमोर लिहिले जावेत, अशी तजवीज केली. आणि जी गोष्ट आम्हांस सर्वांत मोलाची वाटते ती अशी, कीं कुळाला पैशाची लेखी पावती मागण्याचा, सालीना हिशेब मागण्याचा, आणि आपल्या हातीं राहणाऱ्या खातेपुस्तकांत हिशेब उतरवून घेण्याचा हक्क या कायद्यानें दिला. दामाजीच्या विठोबाला जी पावती मिळाली ती सोलापूरच्या कुळाला हक्कानें मागतां येऊं लागली. आज बँकेचें पासबुक आपण खिशांत सहज टाकतों. त्याच्या कल्पनेसाठीं या जिल्ह्यांना एवढी किंमत मोजावी लागली आहे.

मात्र या संरक्षणाच्या दारावर एक पहारेकरी बसविलेला होता. जो आपली उपजीविका सर्वस्वीं किंवा मुख्यत्वें शेतीवर करतो, अथवा जातीनें शेतांत राबतो, तोच शेतकरी, अशी कायद्याची व्याख्या होती. म्हणजे कुळानें कोर्टांत जाऊन प्रथम आपल्या उत्पन्नाचा पुरावा द्यावयाचा. शेतीचें उत्पन्न किती, गाडी हांकून किती मिळतें, दुकानांतून किती, कोणतें अधिक, याची चिकित्सा होऊं लागली. एरवीं सावकाराला ‘माझी कमाई भरपूर आहे’ असें पटविणारा माणूस न्यायाधीशाला ‘माझी इतर कमाई थोडी आहे’ असें पटवूं लागला. एकाच माणसाला आपल्या मिळकतीचीं दोन तोंडें दोन दिशांना दाखवावीं लागण्याचा हा प्रकार तेव्हां सुरू झाला तो अजून संपलेला नाहीं, हें पुढें दिसून येईलच. १९४७ च्या मुंबई शेतकरी कर्जनिवारण कायद्यानें तर ही मर्यादा आंकड्यांत बांधून दिली : शेती व अंगमेहनत सोडून इतर मार्गांनीं होणारें उत्पन्न एकूण उत्पन्नाच्या शेंकडा ३३ किंवा ५०० रुपये, यांपैकीं जें अधिक असेल त्याहून जास्त असतां कामा नये.

न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांनीं या १८७९ च्या कायद्याच्या अंमलबजावणींत कित्येक वर्षें काम केलें, आणि त्यांना त्याची उणीवहि दिसली. कायदा सावकाराचा हात धरूं शकतो, पण त्याच्या जागीं दुसरा हात पुढें करीत नाहीं. विल्यम वेडरबर्न यांच्या पुढाकारानें पुरंदर तालुक्यांत शेतकी पेढी काढण्याची योजना आंखली गेली होती. हिंदुस्थान सरकार अनुकूल असतांहि विलायतेंतून तिला संमति मिळाली नाहीं. १८९१ सालीं रानड्यांनीं स्थावराच्या तारणावरील पतीची पुनर्घटना या विषयावर इंग्रजींत निबंध लिहिला आणि युरोपांतील देशांनीं जमिनीवर स्वस्त कर्ज देणाऱ्या संस्था कशा उभारल्या हें दाखवून दिलें. इकडे सावकारहि स्वस्थ बसला नव्हता. गहाणखताची कोर्टांत एवढी चिरफाड होते हें पाहून तो गहाणाऐवजीं सरळ खरेदीखतच लिहून घेऊं लागला. ज्याला पुराव्यानें वाचवावयाचें, त्याचें शेतच पुराव्याच्या भीतीनें गेलें, असेंहि पुष्कळदां घडलें.

आतां शहराकडे वळूं. १८६० सालीं सोलापुरास आगगाडी आली आणि १८७७ सालीं येथें पहिली कापडाची गिरणी उभी राहिली. तीच पुढें ‘जुनी गिरणी’ या नांवानें ओळखली गेली. गिरणीनें सोलापूरच्या मजुराला एक नवी वस्तु दिली, ती म्हणजे हजेरीपट. दर महिन्याला किती दिवस भरले व किती रुपये झाले, हें सावकाराखेरीज दुसऱ्या कोणाच्या तरी वहींत प्रथमच लिहिलें गेलें. परंतु आरंभीं या कागदाचा उपयोग कामगारापेक्षां सावकारालाच अधिक झाला. पगाराचा दिवस ठरलेला. म्हणून पगाराच्या दिवशीं गिरणीच्या दरवाजाबाहेर काठी घेऊन उभें राहणेंहि ठरलेलें. हिंदुस्थानांतील कामगारांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठीं १९२९ सालीं नेमलेल्या व्हिटले कमिशननें १९३१ च्या अहवालांत नमूद केलें, कीं बहुतेक औद्योगिक ठिकाणीं दोनतृतीयांशांहून कमी नाहींत इतकीं कुटुंबें कर्जांत आहेत आणि बहुतेकांचें कर्ज तीन महिन्यांच्या पगाराहून अधिक आहे. कमिशनचें म्हणणें असें, कीं कामगाराला कर्ज सहज मिळतें हेंच त्याचें दुर्दैव. त्याचा पगार सावकाराला तारण वाटेनासा झाला पाहिजे. यांतूनच १९३७ सालीं दिवाणी कायद्यांत दुरुस्ती होऊन पगाराच्या पहिल्या १०० रुपयांवर जप्ती आणण्यास बंदी झाली. तत्पूर्वीं १९३६ च्या वेतन कायद्यानें पगार वेळेवर व बेकायदा कपातीवांचून देण्याचें बंधन मालकांवर घातलें होतें, आणि १९४६ च्या मुंबई सावकारी कायद्यानें सावकाराला परवाना घेण्यास व ऋणकोला हिशेब देण्यास भाग पाडलें.

गिरणीचा कागद कितीहि पक्का असला तरी तो गिरणी चालेपर्यंतच पक्का. १९४९ सालीं जुनी गिरणी बंद पडली, तेव्हां हजारों कुटुंबांचा हा कागद एका दिवसांत कोरा झाला. १९५० च्या आरंभीं केंद्र सरकारनें खास वटहुकूम काढून गिरणीचा कारभार आपल्या हातीं घेतला, आणि त्या विरुद्ध झालेला दावा नव्या सर्वोच्च न्यायालयापुढें आलेल्या अगदीं पहिल्या महत्त्वाच्या खटल्यांपैकीं एक होऊन बसला. भागधारकाच्या हक्कांची चर्चा कायद्याच्या विद्यार्थ्यांना आजहि ठाऊक असते. हजेरीपटावरून ज्यांचीं नांवें पुसलीं गेलीं त्यांची चर्चा कोठेंच ग्रथित नाहीं.

सावकार व गिरणी यांखेरीज ऐपत ठरविण्याचा एक तिसरा मार्ग याच काळांत निघाला. जर्मनींत रायफायसेन यानें खेडुतांच्या पतपेढ्या काढल्या होत्या. तें तत्त्व घेऊन १९०४ सालीं हिंदुस्थानांत सहकारी पतपेढ्यांचा कायदा झाला. अमर्यादित जबाबदारीच्या या पेढींत एकाचें कर्ज बुडालें तर सर्वांना भरावें लागे. म्हणून प्रत्येकाची ऐपत शेजाऱ्यांनीं मिळून ठरवावयाची. सोसायटीच्या दप्तरांत हैसियतपत्रक येऊन बसलें : जमीन किती, गुरें किती, घर कोणतें, देणें किती. त्याला १९०३ व १९१३ च्या कायद्यांनीं रुजलेल्या हक्कनोंदणीचा आधार मिळाला. आज ज्याला आपण सात-बाराचा उतारा म्हणतों तें त्याच वृक्षाचें फळ. १९३५ सालीं मुंबई प्रांताची मध्यवर्ती भूतारण बँक निघाली आणि रानड्यांनीं जी इच्छा केली होती ती, चव्वेचाळीस वर्षांनीं कां होईना, अंशतः पुरी झाली. सावकाराची ओळख आणि सरकारचा कागद यांचा हा मेळ होता. जेथें शेजारी प्रामाणिक होते तेथें तो उत्तम चालला; जेथें गांवचा पुढारीच सर्वांच्या ऐपती लिहूं लागला, तेथें वही बदलली पण लेखणी जुन्याच हातीं राहिली.

या तिन्ही मार्गांच्या बाहेर सोलापुरांतलीं हजारों माणसें राहिलीं. तेलंगणांतून येऊन येथें स्थायिक झालेल्या पद्मशाली विणकरांच्या हातांनीं सोलापूरची चादर देशभर पोंचविली. हातमागाच्या धंद्यांत मजूर कारखानदाराकडून उचल घेई, आणि ती उचल फिटेपर्यंत तेथेंच बांधला जाई. तो शेतकरी नव्हता, म्हणून १८७९ चा कायदा त्याच्या दारीं आला नाहीं. तो गिरणीचा नोकर नव्हता, म्हणून हजेरीपट नव्हता. त्याची जमीन नव्हती, म्हणून हैसियतपत्रक रिकामें. त्याच्या कमाईची एकुलती एक नोंद त्याला उचल देणाऱ्याच्याच वहींत होती.

त्याहून कठीण स्थिति विडी वळणाऱ्या स्त्रियांची. विडीचें काम घरीं बसून होतें. कारखान्यांतून पान व तंबाखू आणावयाची, वळलेल्या विड्या परत न्यावयाच्या, त्यांतल्या कांहीं छाट म्हणून बाजूला पडावयाच्या, आणि उरलेल्यांची हजारी दरानें मजुरी घ्यावयाची. या स्त्रिया आमच्या नोकर नव्हेतच, असें कारखानदार म्हणूं शकत होते, कारण त्या कारखान्यांत बसत नव्हत्या. १९६६ सालीं विडी कामगारांचा स्वतंत्र कायदा झाला आणि घरीं बसून विड्या वळणारी स्त्रीहि त्याच्या कक्षेंत आली. १९७६ सालीं कल्याणनिधीचा कायदा झाला व त्यांतून ओळखपत्राची पद्धत रुजली. १९७७ सालीं भविष्यनिर्वाह निधीची योजना या धंद्याला लागू झाली. कारखानदार न्यायालयांत गेले. आणि १९८५ सालीं सर्वोच्च न्यायालयानें निकाल दिला कीं घरीं काम करणारी विडी कामगार हीहि नोकरच आहे, कारण तिच्या विड्या नापास करण्याचा अधिकार मालक स्वतःकडे ठेवितो. हा निकाल वाचतांना आम्हांस एक गोष्ट विलक्षण वाटली. ज्या छाटणीनें त्या बाईची मजुरी इतकीं वर्षें कापली जात होती, तीच छाटणी शेवटीं तिच्या नोकरीचा पुरावा ठरली.

या इतिहासावरून कर्ज देणाऱ्यानें उत्पन्न विचारूंच नये, असें कोणी समजूं नये. न विचारतां दिलेलें कर्ज काय करतें तें २००८ पूर्वींच्या अमेरिकेनें पाहिलें आहे. तेथें कर्जदारानें, आणि पुष्कळदां त्याच्या वतीनें दलालानें, सांगितलेला मिळकतीचा आकडा पडताळा न पाहतां अर्जांत उतरवून घेण्याची चाल पडली होती. लोक उपहासानें त्यांना खोटारड्यांचीं कर्जें म्हणत. घरांच्या किमती उतरतांच हीं कर्जें थकलीं, मोठमोठ्या पेढ्या बुडाल्या, आणि सर्वांत आधीं घरें गेलीं तीं ज्यांना न झेपणारें कर्ज दिलें गेलें होतें त्यांचीं. ऐपत विचारणें हें ऋणकोच्याहि हिताचें आहे. आमच्याकडे १९७७ सालीं हसमुखभाई पारेख यांनीं घरांसाठीं कर्ज देणारी जी संस्था काढली (२०२३ मध्यें ती तिच्याच बँकेंत विलीन झाली), तिच्या यशाचें एक कारण हेंच, कीं तारणापेक्षां तिनें नियमित पगारावर अधिक भरंवसा ठेविला. तिच्यामुळें मध्यमवर्गाला निवृत्तीची वाट न पाहतां ऐन उमेदींत घर घेतां येऊं लागलें. तक्रार प्रश्नाविषयीं नाहीं. त्या प्रश्नाचें उत्तर म्हणून कोणता कागद चालतो आणि तो कागद कोणाला मिळूं शकतो, एवढाच वाद आहे.

सोलापुरापुरतें या वादाला एक उत्तर अक्कलकोट रस्त्यावरील कुंभारी येथें उभें आहे. विडी कामगार स्त्रियांनीं कामगार नेते नरसय्या आडम यांच्या पुढाकारानें तेथें सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापिली, तिला गोदूताई परुळेकर यांचें नांव दिलें, आणि सरकारी अनुदान व स्वतःची वर्गणी मिळून १०,००० घरें बांधून घेतलीं. २००६ सालीं तीं त्यांच्या हातीं आलीं. त्याच परिसरांत पुढें ३०,००० घरांचें रे नगर आंखलें गेलें. ९ जानेवारी २०१९ रोजीं त्याची पायाभरणी झाली आणि १९ जानेवारी २०२४ रोजीं पहिल्या १५,००० घरांचें लोकार्पण झालें. विडी कामगार, हातमाग व यंत्रमाग कामगार, फेरीवाले, कचरा वेंचणारे, वाहनचालक, असे हे घरमालक. पगारपत्रक नांवाची वस्तु यांपैकीं फारच थोड्यांच्या घरांत असेल. एकटी बाई कचेरीच्या दाराशीं गेली असती तर तिचा कागद घडी न मोडतां परत आला असता. दहा हजार बायका एकत्र गेल्या तेव्हां त्यांची संख्याच त्यांची पत झाली. शेजाऱ्यानें शेजाऱ्याची हमी घ्यावी, हें १९०४ चें तत्त्व येथें निराळ्या रूपानें पुन्हा प्रकट झालें आहे.

परंतु मागें म्हटलेलीं तीं दोन तोंडें येथेंहि सुटलेलीं नाहींत. प्रधानमंत्री आवास योजनेंतील दुर्बल घटकांचें घर हवें, तर वार्षिक उत्पन्न तीन लाख रुपयांच्या वर नाहीं असें प्रतिज्ञेवर सांगावें लागत असे. केंद्राचें दीड लाख व राज्याचें एक लाख अनुदान त्यावर अवलंबून. आणि उरलेल्या रकमेसाठीं बँकेकडे जावें, तर हप्ता झेपेल एवढें उत्पन्न आहे असें दाखवावयाचें. एका कचेरींत आपण गरीब आहों हें सिद्ध करावयाचें, दुसरींत आपण पुरेसे गरीब नाहीं हें. १८८० च्या सुमारास सोलापूरच्या कोर्टांत उभा असलेला तो शेतकरी आणि आजची विडी कामगार स्त्री यांच्यांत जवळजवळ दीडशें वर्षांचें अंतर आहे. त्यांची अडचण मात्र एका घरांतली आहे.

आतां आमच्या मेजावरच्या त्या चिठ्ठीकडे परत येऊं. सावकाराच्या वहीला नांवें ठेवणें आपल्याला सोपें जातें, कारण आपण सावकार नाहीं. पण आपल्या घरांत स्वयंपाक करणारी, धुणींभांडीं करणारी, म्हाताऱ्यांची शुश्रूषा करणारी जी माणसें आहेत, त्यांचे धनी आपणच आहों. सावकार निदान वही तरी ठेवीत असे. कुळाला ती जाळतां तरी येत होती, आणि कोर्ट ती मागवूं तरी शकत होतें. आपण वहीच ठेवीत नाहीं. वर्षानुवर्षें महिन्याच्या पहिल्या तारखेस रोख रक्कम हातावर ठेवितों, आणि सुस्वभावी धनी म्हणून समाधान मानतों. त्या बाईंनीं आमच्या घरीं अकरा वर्षें काम केलें आहे. त्या अकरा वर्षांत त्यांनीं एकहि खाडा न सांगतां केलेला नाहीं. कोणत्याहि बँकेला हवी असते तशी नियमित मिळकत त्यांची होती. ती मिळकत कागदावर नसण्याचें कारण दुसरें कोणी नसून आम्हीच आहों.

तेव्हांपासून आम्हीं एवढेंच केलें, कीं त्यांच्याबरोबर जाऊन त्यांच्या नांवाचें बँकखातें चालू केलें. त्यांत दरमहा ठराविक तारखेला पैसे भरतों, आणि महिना, रक्कम व सही असलेला एक छोटा कागद त्यांच्या हातीं देतों. पहिल्या महिन्यांत त्यांना हा खटाटोप वाटला. बँकेंत जाऊन पैसे काढण्यांत अर्धा दिवस जातो अशी त्यांची तक्रार रास्त होती. आतां त्यांच्याजवळ सात कागद झाले आहेत. पत्र्याच्या डब्यांत, शिधापत्रिकेच्या खालीं, त्या ते ठेवितात असें त्यांनींच सांगितलें. बारा पुरे झाले म्हणजे त्या पुन्हा अर्ज करणार आहेत. कचेरी काय उत्तर देईल तें आम्हांस सांगतां येत नाहीं. परंतु या वेळीं तो कागद त्यांच्या डब्यांत आहे, दुसऱ्या कोणाच्या वहींत नाहीं, आणि या जिल्ह्याचा इतिहास पाहतां एवढी गोष्टहि लहान नाहीं.